काहीतरी बोला

वाशीच्या सभागृहात दोन दिवस
उद्याचं जग कसं असेल ते सांगायला बावीस माणसं आली.
त्यांची भाषणं मला फारशी आठवत नाहीत.
भाषण चालू असताना मी दिवे बघतो,
हिरव्याचे लाल होऊ नयेत म्हणून.
मला आठवतं ते त्याआधीचं,
रिकाम्या खुर्च्यांसमोर
कॉलरला माईक लावून मी म्हणतो,
काहीतरी बोला.

आणि ज्यांच्याकडे पुढच्या पन्नास वर्षांचं बोलणं तयार असतं
त्यांना एक वाक्य सुचत नाही.

हृषीकेश आठल्ये, विचार करणाऱ्या यंत्रांवर बोलणार होते,
एकपासून सातपर्यंत मोजून थांबले.
पुरे का, म्हणाले.
म्हटलं, आठही चालेल.

डॉ. अलमास मुकादम. विषय, चढत जाणारा समुद्र.
साडी होती, तेव्हा डबी कमरेला लावायला
मी स्वयंसेवक मुलीला बोलावलं
आणि पडद्याकडे तोंड करून उभा राहिलो.
हॉलभर आवाज आला:
बांगडे मिळाले तर बांगडे,
नाहीतर नुसती कोथिंबीर आण, आणि गॅसचा नंबर लाव.
इतका स्वच्छ, की मला एकही बटण फिरवावं लागलं नाही.

दिघ्याचा तो एकोणीस वर्षांचा पोरगा,
गटारात माणसाऐवजी उतरणारं यंत्र
त्यानं भंगारातून बनवलेलं,
तो बोललाच नाही.
हेडफोनमध्ये शर्टाआडची धपधप येत होती.
मी पाणी दिलं. म्हटलं, नाव सांग फक्त.
प्रज्योत, म्हणाला.
मी आडनावासाठी थांबलोय असं वाटलं त्याला बहुतेक.
मग तेही म्हणाला, जरा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी शेवटी मनोहर तळपदे,
ऐंशीला एक कमी.
या शहराचे पहिले नकाशे काढणाऱ्यांतले.
काहीतरी बोला म्हटल्यावर
बुटाच्या टोकानं गालिच्यावर रेघ ओढत म्हणाले,
मिठागराचा बांध असा जायचा.
इथं उघाडी.
आणि पलीकडे आम्ही पांढऱ्या खुंट्या ठोकायचो,
सकाळी येऊन बघावं तर गायब!
हसले. आवाज पुरेसा आहे ना?

पुरेसा होता.
खुंट्या माझा आजोबा न्यायचा.
आमचे शेतान ह्यो कुनाचा खुटा,
एवढंच म्हणायचा आणि चुलीत घालायचा.
सागाच्या होत्या म्हणे, चांगल्या जळायच्या.
हे सांगायची ती वेळ नव्हती.
मी त्यांची कॉलर सरळ केली
आणि आधीचे सेल अर्धे भरलेले असूनही
दोन नवे घातले.

अठरा मिनिटं.
सन दोन हजार सत्तरचं शहर दाखवलं त्यांनी,
गच्च्यांवर भाताची खाचरं, खाडीवर काचेचे पूल.
लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

उतरताना बटण बंद करायला विसरले.
हॉलमधला आवाज मी तोडला,
माझ्या कानातला राहिला.
पावलं. दार. नळ.
बराच वेळ नळ.
मग, कुणालाच नाही,
थोडं चुकलंच.

कुठलं, ते कळायला मार्ग नाही.
पडद्यावर एक चित्र उलटं आलं होतं,
तेही असेल.

डबी परत द्यायला ते स्वतः आले,
वायर नीट गुंडाळून.
हा चालू होता का हो?

नाही साहेब, म्हटलं. बंद होता.

थोडे थांबले.
कुठले तुम्ही?

इथलाच, म्हटलं,
आणि सेल काढून घेतले.
अजून कोमट होते.