पान एकसष्ट

रविवार कारंजावरून आत, भांड्यांच्या दुकानावरचा माळा,
तिथे बोरसेंचं वाचनालय.
आमचं पुस्तक तिथे आठ वर्षं आहे.
एका बाजूने 'पाणी उतरल्यावर',
उलटं धरलं की 'कोरडी पायरी'.
दोन खून, एकच घाट,
कव्हरवर दोन नावं. गायधनींचं आधी,
कारण नाणं त्यांच्या बाजूने पडलं.

बोरसेंनी लेबल एकाच बाजूला डकवलंय,
म्हणून निम्मे लोक दुसरी गोष्ट वाचतच नाहीत.
बांधणी चुकलीय म्हणतात, परत देतात.

उरलेले समासात लिहितात.
"खुनी नवव्या पानावरच कळला."
त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "मग पुढे कशाला वाचलंत?"
"पहिली कादंबरिका दमदार. दुसरी बाईंनी लिहिलेली दिसते."
दुसरी जवळजवळ सगळी गायधनींची.
पहिलीतला सुरा माझा.
तो बरगडीखालून कसा जातो
ते सिव्हिलच्या कंपाउंडरला विचारून आले होते मी,
अर्धा किलो चिवडा देऊन.

भद्रकालीचे निवृत्त हवालदार शेवाळे
पेनाने लिहितात, खाली सही करतात:
"पंचनाम्याला दोन पंच लागतात. इथे एकच आहे.
दोन लेखक असून ही गत."

सातपूरच्या खैरनारबाई:
"स्वयंपाकघर खरं. पोलीस खोटे."
आणि प्रेत सापडतं त्या पानावर कुणीतरी
तूरडाळ दोन किलो, भांड्यांचा साबण, बाळासाठी ग्राइपवॉटर.
याहून मोठी दाद मला मिळालेली नाही.
वाचता वाचता घर आठवलं,
तरी पुस्तक हातातून सुटलं नाही.

गायधनींना हे वाचून दाखवलं असतं.
नोटांच्या कारखान्यात होते ते, नाशिकरोडला.
सुटताना झडती, कागदाचा कपटा बाहेर आणायची सोय नाही,
म्हणून आठवडाभराचं कथानक डोक्यात भरून
शनिवारी माझ्यापुढे ओतायचे.
त्यांच्या घरी. इंदुमतीबाई चहा ठेवून आत जायच्या.
पुस्तकाबद्दल त्या कधी
चांगलं नाही, वाईट नाही.

पान एकसष्ट.
पेन्सिल इतकी फिकी की खिडकीशी न्यावं लागलं:
"इथे दोघांचं बिनसलं होतं."

एवढंच.

कुणाला कळणार होतं?
धाकट्या भावाला फाशी, मी म्हणत होते.
सुटू दे, ते म्हणत होते. पोर आहे.
तीन शनिवार गेले नाही मी.
मग ऑगस्टात गंगेला पूर आला, सगळं नाशिक बघायला,
पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीशी,
आणि गर्दीत शेजारी उभे राहून, माझ्याकडे न बघता,
गायधनी म्हणाले,
"पळू दे त्याला. पण पायरीवर चप्पल राहू दे."
मी म्हटलं, एकच.
ते म्हणाले, एकच.
ते वाक्य अर्धं त्यांचं आहे, अर्धं माझं.
सांधा मी आठ वेळा घासला होता.

बोरसेंची वही मागितली.
आठ वर्षांची नावं, तारखा, दंडाचे रुपये.
त्यात एकदाच, गायधनी गेले त्याच्या पुढच्या महिन्यात:
इं. हे. गायधनी. दोन दिवसांत परत.

घरात पंचवीस प्रती असताना
माळ्यावर चढून आल्या होत्या बाई, गुडघे धरत,
सगळ्यांसारखं वाचायला.

त्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.
तशी चप्पल मी कुठे पाहिली होती
ते कुणीच विचारलेलं नाही,
हवालदारांनीसुद्धा.

बोरसे खोडरबर पुढे करतात, "घाण केलीय लोकांनी, पुसू?"
मी त्यांच्या कानावरची पेन्सिल घेते.
त्या ओळीखाली लिहिते: "हो. तीन शनिवार."
आणि थोडं थांबून:
"चप्पल तुमची."