कोनशिला

उदगीरला नळेगाव रोडवर, पत्र्याच्या खोलीत
रात्री आठला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो.
शेवटच्या बाकावर नबीलाल फरशीवाला,
नखांत पांढरं सिमेंट, कानावर पेन्सिल.
आता खोक्यांवर सगळं इंग्रजीतच लिहून येतं,
म्हणून आलाय, पन्नाशीत.

मी फळ्यावर लिहितो :
लाय, ले, लेन – पडून राहणे.
ले, लेड, लेड – ठेवणे, बसवणे, अंथरणे;
कोंबडी अंडं घालते तेही यातच.
एकाचा काल तोच दुसऱ्याचा आज,
इथंच सगळे घसरतात, म्हणतो मी.
तीस वर्षं म्हणतोय.

"आमच्यात ले म्हंजी घे," नबीलाल म्हणतो.
वर्ग हसतो. तो मात्र
बोटानं बाकावर चौकोन आखत बसतो.
"मी फरशी बसवली, ते ले.
मी घरी गेलो, ती तशीच पडून हाय, ते लाय.
हात लागला तर ले, न्हाई तर लाय.
बरूबर का, सर?"

बरोबर.
इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अन् खोटं बोलायचं?"
तेही लाय. पण त्याचा काल वेगळा : लाईड.
"म्हंजी शाळंच्या दगडावर..."
तो थांबतो.

शाळेच्या मागं, घाणेरीच्या झुडपात
वाचनालयाची कोनशिला आहे.
काळ्या दगडावर तारीख, साहेबांचं नाव,
आणि लेड हवं तिथं लाईड.
साहेबांनी बसवली असं नाही,
साहेब खोटं बोलले, असं काहीतरी.
वाचनालय पुढं झालंच नाही.
गावात तेवढा एक दगड खरं बोलला.

अक्षरं नबीलालनं कोरलेली, ऐन विशीत,
ए बी सी डी न येता,
कागदावर होती तशी, वळणासकट.
हेडमास्तरांनी विचारलं, चूक कुणाची?
कोरणाऱ्याची, मी म्हणालो.
त्याची अर्धी मजुरी कापली.
कागद माझ्या हातचा होता.

उद्या तिन्हींचं एकेक वाक्य लिहून आणा, मी सांगतो.
बाकं सरकतात. चपला शोधणं चालू होतं.
नबीलाल दारात थांबतो.

"त्यो कागद हाय अजून माझ्याकडं.
ट्रंकंत, पार तळाला. पडून.
ते लायच झालं ना, सर?"