अठरा मिनिटं

पित्ताशयात खडे आहेत का, एवढंच बघायला गेलो होतो.
सोनोग्राफीवाली पोरगी बोलता बोलता गप्प झाली,
तिचं यंत्र माझ्या डाव्या कुशीवर
एकाच जागी घुटमळायला लागलं.

दुखत नव्हतं. लघवीत रक्त नव्हतं.
चाळीस वर्षं त्रेबोनच्या तळ्यांवर झडपा उघडल्या, मिटल्या,
पाण्याच्या रंगावरून गाळ ओळखला,
आणि माझ्याच आत, ध्यानीमनी नसताना,
अक्रोडाएवढं काहीतरी मुक्कामाला आलेलं.

ह्रोन्कोवाबाईंनी कागदावर घेवड्याचा दाणा काढला,
त्याच्या कडेला एक फुगवटा.
"अख्खं मूत्रपिंड नाही काढायचं, वेन्देलीन.
गाठ, आणि भोवतीची नखभर चांगली जागा.
उरलेलं काम करत राहील."
केमो? मी विचारलं.
"हा कॅन्सर केमोला फारसा जुमानत नाही.
केस शाबूत राहतील तुमचे."
मी टकलावरून हात फिरवला.
बाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग म्हणाल्या, कापताना रक्ताची नळी
चिमट्यानं बंद ठेवावी लागते.
किती वेळ?
वीसेक मिनिटं. त्यापुढे मूत्रपिंड सोसत नाही.

बाकीचं कागदावर राहिलं. हे मात्र कळलं.
ऑक्टोबरात तळं उपसतो तेव्हा
कार्प मासे उरल्या पाण्यात दाटीनं गोळा होतात,
पाठी उघड्या, कल्ले फडफडत,
आणि काठावरचा माणूस घड्याळ बघत नाही.

ती अठरा मिनिटं मी नव्हतोच.
बुद्येयोवित्सेच्या हॉस्पिटलात, कॉफीच्या मशीनपाशी
ओतिलिए तीच ती नाणी मोजत होती.

रिपोर्ट आला: कडा स्वच्छ.
सहा महिन्यांनी स्कॅन, मग पुन्हा, मग पुन्हा.
शेजारच्या द्राहोमीराचा फुप्फुसापर्यंत गेलाय.
तिला दर तीन आठवड्यांनी सलाईन लावतात,
औषध म्हणे गाठीला मारत नाही,
अंगातल्या झोपलेल्या राखणदारांना हलवून उठवतं.
कधीकधी ते घरच्यांवरच भुंकतात,
द्राहोमीरा सांगते, कोपर खाजवत.
पण गाठी आक्रसल्यात. टोमॅटोही लावलेत तिनं.

या वर्षी झडप रादिमनं उघडली.
मला अजून वजन उचलायची बंदी.
पाणी आधी काळं आलं, मग तांबूस.
आता मीट, मी म्हटलं.
तो म्हणाला, वेळ आहे अजून.
डाव्या कुशीवर हात ठेवून
मी म्हटलं, आता.