पाणी खोल आहे

वेंगुर्ल्याहून येणारी दुपारची एसटी
हल्ली तारवड्याच्या फाट्यावरच सोडते.
पुढे दोन मैल चिऱ्याच्या धुळीतून.
हातात रंगाचा डबा नाही
तरी बोटं डबा धरल्यासारखी वळलेली.

कमानीवरची अक्षरं माझी.
'जलविहार'मधल्या ज आणि वि चे पापुद्रे गेले,
उरलंय 'लहार'.
ल ची गाठ मी तेव्हा मुद्दाम लांबवली होती,
नाबरशेट म्हणाले होते, लाटेसारखी दिसू दे.
अजून दिसते.

खाडीच्या तोंडाला त्यांनी बांध घातला,
भरती-ओहोटीची कटकट नको,
पाहुण्यांना न्याहारीपासून जेवणापर्यंत
एकसारखं पाणी दिसावं म्हणून.
पाणी थांबलं. गाळही थांबला.
मग पाणी हळूहळू उठून गेलं,
गाळ बसून राहिला
बिल न देता खोली अडवणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

हंसाच्या होड्या आहेत अजून, सगळ्या एका कुशीवर.
एकाच्या मानेत गांधीलमाशांचं पोळं.
टेबल टेनिसच्या टेबलावर कुणी जवळा वाळत घातलाय,
जाळी मध्ये तशीच,
या बाजूचा जवळा जाडा, त्या बाजूचा बारीक.
चार नंबरच्या कॉटेजात बाथटब भरून सोडणं.
मी आत डोकावून 'कोण आहे' म्हणालो
आणि उगाच चप्पल बाहेर काढली.

दर मे महिन्यात फोन यायचा:
पेंटर, बोर्ड पुढे घ्यायचाय.
पहिल्या वर्षी दहा पावलं.
मग तीस.
शेवटच्या वर्षी शेट स्वतः आले, पायजमा वर खोचून,
अजून थोडं, अजून थोडं म्हणत
आम्ही मधोमध पोचलो
तेव्हा दोघांचेही गुडघे कोरडे होते.
तिथेच रोवला. तांबडा ऑइलपेंट, दोन हात:
पाणी खोल आहे.
माझ्याकडे न बघता पैसे मोजले त्यांनी,
रोख दिलेलं ते एकच काम.

बोर्ड तिथेच आहे.
त्याला एक बकरी बांधलेली
आणि बकरीच्या सावलीत एक बाई.
"काढूक इलास काय? काढू नको हां.
बकरेक बरो पडता."

मी म्हटलं, हा मीच लिहिलाय.
तिने मला पायापासून वर पाहिलं.
तिची आई इथल्या चादरी धुवायची,
ही पायरीवर बसून असायची दिवसभर,
शाळा त्या तीरावर, आणि तर बांधामुळे बंद.
"मी ख ह्या बोर्डार शिकलंय."

आता माझा ख पहिल्यापासून फुटका.
र वेगळा, व वेगळा,
दोघांना जोडायचा हात मला कधी आलाच नाही.
शेट वैतागायचे, लोक 'रवोल' वाचतात रे.
तिने काटकीने भेगांवरून नाव काढून दाखवलं:
जयवंती रववणेकर.
बँकेत सही जुळत नाही म्हणतात, तिने सांगितलं,
आणि ते सांगताना
चूक बँकेची आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

मला म्हणायचं होतं, खाली जोड ते.
म्हटलं नाही.

ऊन कलल्यावर मी सरळ निघालो,
बोर्डाच्या पलीकडून, जवळची वाट म्हणून.
पाठीमागून ती ओरडली,
"थंय जाव नको! थंय खोल आसा.
शिमग्याक आमचो पाडो गेलो."

उजवा पाय तोवर आत गेला होता.
वर खापरीसारखं कोरडं,
खाली गार, मऊ, तळ नसलेलं काहीतरी
नडगीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत चढत.
बकरीची दोरी सोडून तिने फेकली.

पाय निघाला. चप्पल राहिली.
बोर्डाला धरून मी उभा राहिलो बराच वेळ,
तळहाताला थोडा तांबडा रंग लागला,
तीस वर्षांनी.