सळई

कुर्ल्याहून आणला तो डबा. काळा, मोठ्या कुकरएवढा,
चार कड्या, दोन नळ्या, माहितीपत्रक चिनी.
इम्तियाज म्हणाला, ताई, टाकीच्या खालीच ठेवा;
पाणी आपलं आपण उतरतं,
मोटरला काम फक्त चढवायचं.

घरी हे सांगितलं तर भाऊ हसले. अर्ध्या तोंडाने.
तीस वर्षं जलखात्यात, रात्रपाळीला,
सळईचं एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला,
झोपलेल्या घाटकोपरच्या पोटात
पाणी कुठे पाझरतंय ते ऐकायचे.
आता उजवा हात मांडीवर असतो,
कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.

मी फरशीवर बसकण मारली.
आधी जाड स्पंज, मग बारीक,
मग सिरॅमिकची भेंडोळी, न तळलेल्या कडबोळ्यांसारखी.
यांच्यात जंतू वस्ती करणार, महिनाभराने,
आणि ती धुवायची टाकीच्याच पाण्यात; नळाखाली धरली तर
क्लोरीनने वस्ती साफ.
भाऊंनी मान हलवली. पटलं नसावं.
त्यांच्या क्लोरीनवर आम्ही सगळे वाढलो.

झाकणाच्या रबराला व्हॅसलीन.
नळी कापताना ते म्हणाले, "झो... झो..."
आणि डाव्या हाताने हवेत सरळ रेघ ओढली.
झोल नको.
तरी मी वीतभर जास्त ठेवली, असू दे म्हणून.

तोंडाने पाणी ओढलं. शेवाळाची चव, चूळ भरली, बटण दाबलं:
घर्रर्र. थांबून परत घर्रर्र.
अकरा निऑन एका कोपऱ्यात गोळा,
शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखे.

भाऊंनी माझी विणायची सुई मागितली.
टोक नळीला, टोक कानाला, डोळे बंद.
सुई सरकत सरकत त्या वीतभर झोलावर थांबली.
काही बोलले नाहीत. मी नळी कापली,
डबा तिरका केला, त्याने एक दांडगी ढेकर दिली,
आणि मग इतकं शांत
की फ्रिजचा राग आला.

रात्री दोनला उठले तर भाऊ पलंगावर नाहीत.
न्हाणीघरात, स्टुलावर, सुई भिंतीला.
"काय झालं?"
"काटदरे," ते म्हणाले. अख्खा शब्द, एकही अक्षर न सांडता.

सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं.
काटदरेबाई ओशाळल्या:
हो, फ्लश गळतोय खरा,
दिवाळीपासून. पण तुम्हाला कसं कळलं?