अकरा पावलं

काल कसरतीच्या दांड्यांमधून अकरा पावलं गेलो.
फिलोमेनानं वहीत लिहिली, खाली रेघ ओढली.
आज पहाटे ताप, प्लेटलेट्स नऊ हजार,
बांबोळीच्या त्याच काचेआड मी परत.

सव्वीस वर्षं दिवाडीची फेरीबोट चालवली.
ओहोटीत नाळ वरच्या अंगाला धरावी लागते,
नवख्याला वाटतं, हा भलतीकडेच नेतोय.
इथं सुकाणूच नाही.

रक्तगट आता शेवंतीचा, धाकटीचा.
काचेपलीकडून ती खुणेनं विचारते, जेवलास?
मी मान हलवतो.
पेज तशीच आहे.

डॉक्टर, तिचंच रक्त माझी कातडी सोलतंय
हे तिला सांगू नका.
तळवे लाल कशानं, विचारलंच तर म्हणा,
दांड्या फार घट्ट धरतो.