ड्रम नंबर तीन

मंगळवारी झाकण उघडायचं काम माझ्याकडे.
वहीत नाव मीच लिहिलंय, दोष कुणाला देऊ.
निळा ड्रम. कधीकाळी सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यात
डिंकानं भरलेला होता,
अजून उन्हात तापला की पाकिटासारखा वास येतो.
भोकं पाडली शमीमआपांच्या पोरानं, ड्रिलनं,
आणि महिन्याभरात त्याच भोकांतून
अळ्या जिन्यापर्यंत आल्या.

मीटिंग रात्री साडेअकराला संपली.
कुलथे म्हणाले, घंटागाडी येते ना दारात?
मग हा उकिरडा कशाला पाळायचा?
खरं होतं. येते. गाणं वाजवत येते,
सगळं उचलून गावाबाहेर नेते,
आणि आपण हात झटकून वर येतो,
जणू कांदा आपण कधी सोललाच नव्हता.

ताक शिंपडा, म्हणाली बी-विंगमधली बाई.
भुसा टाका. खालीवर करा. धीर धरा.
धीरही तिनं असा सांगितला,
की वखारीत पोत्यानं मिळतो.

आता हातमोजे घालून मी वाचते.
हो, वाचतेच.
तीनशे दोनमध्ये पाहुणे: चोखलेल्या शेंगांचा ढीग.
कुलथ्यांकडे कुणीतरी आजारी: मोसंबी, मोसंबी, मोसंबी.
नव्या जोडप्याचं भांडण मिटलं,
मेथीच्या काड्या परत यायला लागल्या;
आठवडाभर नुसत्या
मिसळीच्या पार्सलातल्या लिंबाच्या फोडी होत्या.
फेब्रुवारीत प्रत्येक घरातून द्राक्षांचे रिकामे घोस,
पानगळ झालेल्या इवल्या झाडांसारखे.
आणि चारशे चारमधून, रोज,
केळ्याची एक साल. चहाचा चोथा. बस्स.

निरभवणे काका. प्रेसमधून रिटायर.
सगळी नोकरी कोऱ्या नोटांच्या वासात गेलेला माणूस
साल कागदात नीट घडी घालून देतो,
खाली कुणी पावती फाडणार असल्यासारखा.

त्या मंगळवारी साल नव्हती.
बुधवार माझा नव्हता, तरी झाकण काढलं.
नव्हती.
वर गेले. बेल. परत बेल.
आहेरांनी गॅलरीच्या खिडकीतून हात घालून कडी काढली.
बाथरूमच्या उंबऱ्यात पडले होते, शुद्धीवर,
खुब्याचं हाड मोडलेलं,
आणि मला बघून म्हणतात काय,
ढिकलेबाई, आज कचरा नाही हो द्यायला.

तीन महिन्यांनी वॉकर टेकत खाली आले.
पार्किंगमध्ये रविवारी आम्ही टेबल मांडतो,
ज्याचं जे मोडलंय ते तिथं:
इस्त्री, छत्री, दप्तराची चेन,
कुणाचा तरी अर्धा बोलणारा रेडिओ.
काकांना स्क्रू पिळता येत नाही. हात थरथरतो.
म्हणाले, मी नंबर टाकतो.

तेव्हापासून आमच्या इमारतीत
नीट झालेल्या प्रत्येक वस्तूला नंबर आहे.
माझ्या मिक्सरवर पांढऱ्या पट्टीवर: ३ग ०००११७.
आहेरांच्या छत्रीच्या दांड्यावर: ३ग ०००११८.
चूक नाही, खाडाखोड नाही.
खोटी छत्री बाजारात आली तर लगेच कळेल, म्हणतात,
आणि हसत नाहीत.

खताची पहिली पिशवी कुणाला द्यायची,
त्यावर पुन्हा मीटिंग होणार होती.
त्याआधीच, पहाटे, मफलर गुंडाळून
कुलथे बादलीत खत भरताना सापडले.
कुंडीत जास्वंद आहे, एवढंच बोलले.
कुणी काही विचारलं नाही.
काकांनी बादलीवर नंबर टाकला.

आज जानेवारी, जेलरोडवर बोचरी थंडी.
झाकण उघडलं तर आतून वाफ आली,
चुलीवरून भात उतरवावा तशी.
काका वॉकर सोडून जवळ आले,
दोन्ही तळवे वाफेवर धरले,
थोडा वेळ तसेच.

मग स्वेटरच्या खिशातून
घडी घातलेला कागद काढला.
आज दोन आहेत, म्हणाले.
नातू आलाय.